कोल्हापुरात फुकट संग्रहालय बघायचं असेल तर

कॅलेंडरवर १८ मे ही तारीख खूण करून ठेवा. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो आणि बरीच संग्रहालयं प्रवेश मोफत ठेवतात. आदल्या दिवशी फोन करून खात्री मात्र करा.

पहिला मान सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉल संग्रहालयाला द्या. १८७०च्या दशकातली ही इमारत ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मँटने आखली, कोल्हापूरचा न्यू पॅलेस राजवाडाही त्याचाच. आत घाईघाईने फिरू नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. त्याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमन साम्राज्यातून आलेली छोटी कांस्यमूर्ती शोधा. आपल्या गावाचा रोमशी व्यापार होता, याचा हा वीतभरही नसलेला पुरावा! मुलांना तो जवळून दाखवाच. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

मे गाठता आला नाही तरी हरकत नाही. टाऊन हॉलची बाग, भवानी मंडप आणि तिथलं तुळजाभवानीचं मंदिर यांना तिकीट नाही. भवानी मंडपात सकाळी लवकर जा, गर्दीआधी दगडी काम नीट बघता येतं.