कुंदेराची कादंबरी आणि तिचा सिनेमा: वाचनगटात कसं घ्यायचं

'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग' गटात घ्यायची तर आधी कादंबरी, सिनेमा नंतर. उलट केलं की नायिका तेरेझा म्हणजे सिनेमातली अभिनेत्री ज्युलिएट बिनोश हे डोक्यात पक्कं बसतं, आणि मिलान कुंदेरा तर पात्रांच्या रंगरूपाबद्दल फारसं बोलतच नाही. पात्रं आईच्या पोटी नाही, एखाद्या वाक्यातून जन्मतात, असं तो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. तो परिच्छेद पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचा. नाहीतर तेरेझाचा बाहेरख्याली नवरा 'टोमास नालायक की बिचारा' यावरच दोन तास जातात.

भाग सात, बैठका चार: १-२, मग एकटा ३, मग ४-५, शेवटी ६-७. आवृत्त्या वेगवेगळ्या असतील तर पान नको, भाग आणि प्रकरण सांगा. तिसऱ्याला आख्खी बैठक अशासाठी की सबिना (टोमासची चित्रकार मैत्रीण) आणि तिचा प्रियकर फ्रान्झ एकमेकांचं बोलणं कसं चुकीचं समजतात, त्याचा छोटा कोशच तिथे आहे. शिवाय टोमास-तेरेझाच्या मृत्यूची बातमीही याच भागात येते, पुस्तक निम्मंही झालेलं नसताना. 'शेवट फुटेल' म्हणून ती कोणी दडवू नये. पुढचा सगळा संसार ती बातमी माहीत असतानाच वाचायचा आहे. पहिल्या आणि पाचव्या भागाचं शीर्षक एकच आहे, दुसऱ्या आणि चौथ्याचंही. या जोड्या शेजारी ठेवल्या की तेच लग्न दोन बाजूंनी दिसतं.

लोक गळतात ते सहाव्यात. स्टालिनचा मुलगा, किच (कुरूप ते झाकणारी गोडगोड भावुकता), कंबोडियाच्या सीमेवरचा मोर्चा. गोष्ट थांबल्यासारखी वाटते. प्रकरणं छोटी आहेत, प्रत्येकाला दोन-तीन वाटून द्या. पण भाग गाळू नका. सिनेमाने तो जवळपास सोडलाच आहे, म्हणजे तुलनेचा खरा माल इथेच.

सिनेमा १९८८चा, फिलिप कॉफमनचा, १७१ मिनिटांचा. मध्यंतर आणि चर्चा धरून पाच तास ठेवा. शनिवारी दुपारी तीनला सुरू करा. रविवारी मेगाब्लॉकमुळे कल्याण-पनवेलची मंडळी अडकतात. प्रौढ दृश्यं भरपूर आहेत, तेव्हा सासूबाई आणि शाळकरी मुलं असलेला दिवाणखाना टाळा. सार्वजनिक सभागृहात दाखवायचा तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्या. मध्यंतर टोमास तेरेझामागे प्रागला परततो तिथे घ्या. पुस्तकात तो झुरिकहून येतो, सिनेमात जिनिव्हाहून.

बघताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगा. ऑगस्ट १९६८मध्ये प्रागमध्ये घुसलेल्या सोव्हिएत रणगाड्यांच्या दृश्यात खऱ्या चित्रफितीत बिनोश मिसळली आहे. बाकी बरंचसं प्राग म्हणजे फ्रान्समधलं ल्यों. दुसरं, कॉफमन आणि झाँ-क्लोद कारिएर (पीटर ब्रूकच्या 'महाभारता'चा लेखक) यांनी निवेदक काढून टाकला, त्याबरोबर पहिल्या पानावरचा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेही गेला. तिसरं, मृत्यूची बातमी थेट शेवटाकडे नेली. चर्चेचा सर्वांत जास्त वेळ यालाच द्या: आधी कळलेला मृत्यू आणि शेवटी कळलेला मृत्यू, यांत दोघांचं प्रेम वेगळं वाटतं का?

सिनेमाचा आपल्या कादंबरीच्या आत्म्याशी फारसा संबंध नाही, असं कुंदेराचं मत होतं आणि पुढे त्याने आपल्या लेखनावर चित्रपट करू दिले नाहीत. ही माहिती अगदी शेवटी द्या. आधी दिली की सगळेच त्याच्या बाजूने बोलतात.