खिशातला चाकू: निवड, धार आणि एक पावसाळा

चांगल्या चाकूंचा संग्रह करू इच्छिणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: पहिला चाकू घ्यावा, पुण्यातला एक अख्खा पावसाळा तो रोज खिशात बाळगून वापरावा, आणि मगच दुसऱ्याकडे पाहावे. ओला रेनकोट, घामट खिसा आणि आठवडाभर न वाळणारे कपडे यांच्या संगतीत चार महिने काढल्यावर पात्याच्या पोलादाचा, मुठीच्या लाकडाचा आणि पाते ज्या खिळ्याभोवती फिरते त्या खिळ्याचा जो स्वभाव कळतो, तो दुकानातल्या काचेआड कधीच कळत नाही.

पैसे मोजण्याआधी कायदा माहीत असावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून वगळले आहे. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही, पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालू शकतात, आणि सणवार, निवडणुका किंवा मोर्चांच्या दिवसांत असे आदेश निघतात. त्या काळात, तसेच गर्दीच्या कार्यक्रमांना जाताना, चाकू घरीच ठेवावा. विमानप्रवासात तो केबिनमधल्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानात ठेवावा लागतो. कोयत्याच्या बातम्या वाचून धास्तावलेल्या या शहरात खटक्याने उघडणारा, रामपुरी घाटाचा चाकू खिशात बाळगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हत्यार आणि अवजार यांतला फरक पाहणाऱ्याला लांबूनच कळला पाहिजे.

रोजच्या कामाला सहा ते साडेआठ सेंटिमीटरचे पाते पुरते. पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, दुधाची पिशवी, पेरू, डब्यातली काकडी, कुंडीतली वाळकी फांदी, यांपलीकडे शहरात फारसे काम निघत नाही. सुरुवातीला दोनच नावे मी सुचवतो, कारण दोन्ही एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत आणि दोन्हींकडून शिकायला मिळते. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख येथे कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू आणला. आजचा व्हिक्टोरिनॉक्स ही त्याचीच पुढची पिढी आहे. त्याचे पोलाद गंजाला दाद देत नाही, पण मऊ असल्यामुळे धार लवकर जाते, आणि लवकर लागतेही. दुसरा ओपिनेल, फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला, १८९० पासूनचा: बीच लाकडाची मूठ, एक पाते, आणि १९५५ पासून पाते जागेवर धरणारी फिरती कडी. त्याचा ८ क्रमांकाचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा असतो आणि कार्बन (गंजणारे) तसेच स्टेनलेस (सहसा न गंजणारे) अशा दोन्ही पोलादांत मिळतो.

लॉक असलेला कोणताही चाकू घेताना तो तपासूनच घ्यावा. चाकू उघडून, बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबावी. लॉक जरा जरी सरकले तरी तो चाकू परत करावा. माझ्या उजव्या तर्जनीवरचा व्रण अशाच एका स्वस्त चाकूने दिला आहे: जास्वंदीची फांदी कापताना लॉक सुटले आणि पाते बोटावर मिटले. लहान स्विस चाकूंच्या पात्याला लॉक नसतेच, केवळ स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून त्यांच्या टोकाने भोक पाडू नये. आणि कोणत्याही चाकूने डब्याचे झाकण उचकटू नये, कारण पात्याचे टोक मोडते ते बहुतेक वेळा याच कामात.

पोलादाबद्दल नवशिक्याचा गोंधळ होतो, तो भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्याचा होत नाही. डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवायला वापरतात ते डी टू पोलाद चाकूतही येते. कठीण असल्याने त्याची धार महिनोन्‌महिने टिकते, पण ती पुन्हा लावायला घाम गाळावा लागतो, आणि क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही पावसाळ्यात त्यावर डाग पडतात. ज्याला धारेच्या दगडावर हात बसवायचा आहे, त्याने मऊ पोलादापासूनच सुरुवात करावी.

धार लावणे हाच या छंदाचा गाभा आहे, आणि ते काम दुसऱ्यावर सोपवू नये. सायकलवरच्या सहाणेवर कोरडे पाते धरले की ठिणग्या उडतात, पात्याची कड तापते, आणि तिच्यावर निळी झाक आली की तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे. मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. घरी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारकाईचा आकडा) दगड पुरेसा आहे. तो भिजवायचा प्रकार असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा आणि ओल्या फडक्यावर, सरकणार नाही असा ओट्यावर मांडावा. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढावी. पाते १२ मिलिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर उचलून धरली, तर कोन साधारण २० अंशांचा होतो, आणि रोजच्या चाकूला तो योग्य आहे. चार वेळा घासून पाहावे: शाई उताराच्या पाठीकडच्या बाजूलाच गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या कडेशी गेली तर फार वर आहे. एका बाजूला घासता घासता दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची वळलेली बारीक कड, येते. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा, अलगद सरकवला की नखाच्या कडेसारखी बारीक खरखर लागते. ती मुळापासून टोकापर्यंत सलग लागल्याशिवाय बाजू बदलू नये. घाई करणाऱ्यांची धार इथेच बिघडते. दोन्ही बाजू झाल्यावर दाब कमी करत आलटून पालटून घासावे आणि शेवटी न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखे जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, वीसेक वेळा ओढावे. पिकल्या टोमॅटोच्या सालीत चाकू स्वतःच्या वजनाने शिरला तर काम झाले.

पावसाळ्यात कार्बन पोलाद वापरल्यावर लगेच धुऊन पुसावे. कैरी किंवा लिंबू कापून पाते तसेच ठेवले तर तासाभरात काळे पडते. तो काळसर थर वाईट नाही, तांबूस गंज मात्र त्याच दिवशी काढावा. तेल म्हणून औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन वापरावे, कारण त्याला वास येत नाही आणि ते खाण्याच्या वस्तूंना चालते. खोबरेल तेल पुण्याच्या थंडीत थिजते आणि खाचेत चिकट होऊन बसते. ओपिनेलची मूठ जुलैत फुगते आणि पाते घट्ट अडकते; ओढाताण न करता ती दोन दिवस कोरड्या जागी ठेवावी. चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नयेत, कारण चामडे ओल धरते.

चाकू दुसऱ्याला देताना मिटून द्यावा. सुरी हातात न देता खाली ठेवावी, ही आमच्या घरातल्या थोरांची शिकवण मला आजही पटते.

संग्रह वाढवताना संख्येचा मोह आवरावा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गंजलेले, पण मुळात चांगले चाकू कधीकधी हाती लागतात. स्विस चाकूंच्या नकलाही तितक्याच असतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचा ठसा आहे का, पाते शेवटी ठणठणीत आवाज करून बसते का आणि दोन पात्यांमधली फट सारखी आहे का, एवढे पाहावे. जुने पाते चकाकेपर्यंत घासू नये, त्याने ठसाही जातो आणि इतिहासही. डोळा तयार करायचा तर राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते अर्धा तास निरखावेत: रोज सुपारी कातरायच्या वस्तूवर कारागिराने केवढी मेहनत घेतली आहे, ते पाहिल्यावर चाकूच्या मुठीकडे पाहण्याची नजर बदलते.

प्रत्येक चाकूसाठी वहीत एक पान ठेवावे आणि खरेदीची तारीख, पोलाद, दगडावर घेतलेले दिवस आणि गंज कुठे आला ते लिहावे. माझ्या पहिल्या ओपिनेलच्या पानावर सर्वाधिक नोंदी जुलैच्या आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या तीन एकाच जागेबद्दल आहेत: पाते नखाने उघडायच्या खाचेत, जिथे पुसायचे फडके पोहोचत नाही.