जुन्या टेबलाचे बेसिन-स्टँड : कमी खर्चात न्हाणीघराचे रूप पालटताना

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतील घर असो की खानापूर तालुक्यातील एखादे कौलारू घर, माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात सागवानी टेबल, झडप निखळलेले फडताळ, लाकडी शिडी किंवा शिवणयंत्राचा बिडाचा सांगाडा यांपैकी काहीही पडलेले नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. घराची दुरुस्ती निघाली की या वस्तू भंगारात कवडीमोलाने जातात आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरासाठी भुशाच्या दाबीव फळीचे चकचकीत कपाट विकत आणले जाते, जे दोन पावसाळ्यांत खालून फुगून सुटू लागते. बेसिनखाली घेतले तर माळ्यावरचे टेबल त्या कपाटापेक्षा कितीतरी अधिक टिकू शकते. मात्र त्यासाठी लाकूड नेमके कोठून पाणी पिते हे आधी समजून घ्यावे लागते.

लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजून न सुकल्याने कुजते. फळीच्या सपाट अंगावर पडलेले पाणी पुसून काढता येते. परंतु जेथे लाकूड आडवे कापलेले असते, म्हणजे पायांचे तळ, फळीची टोके आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा, तेथे रेषांची तोंडे उघडी असतात आणि ती वातीसारखी पाणी वर ओढतात. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा टेबलाच्या वरच्या बाजूला पॉलिशचे चार हात मोठ्या हौसेने दिले आणि पाय तसेच फरशीवर टेकवले. आषाढ सरता सरता चारही पाय तळापासून दोन इंच काळे पडले होते आणि खिळा टोचून पाहिला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला.

टेबल निवडताना म्हणूनच तेच करावे : ते उलटे करून पायांच्या तळाशी आणि सांध्यांजवळ खिळा टोचून पाहावा. तळचे दोन-तीन इंच मऊ लागले तर बिघडत नाही, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे तेवढा भाग बहुधा कापूनच टाकावा लागतो. फळीच्या खालच्या बाजूला बारीक गोल भोके आणि त्यांतून गळणारी पिठी दिसली, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. जून सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पांढऱ्या भागाला मात्र लागते. दांडेलीच्या सागवानाची टेबले या भागातल्या जुन्या घरांतून अजून सापडतात. पृष्ठभाग थोडा खरवडला की सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास येतो. फणसाचे लाकूडही चालते. आंब्याच्या फळ्यांचे फर्निचर, वेताच्या खुर्च्या आणि भुशाच्या फळीचे काहीही न्हाणीघरात नेऊ नये. घरातील पाट, चौरंग आणि जुना देव्हारा यांनाही वगळावे. लाकूड कितीही चांगले असले तरी घरातली वडीलधारी मंडळी ते सहन करणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

त्यानंतर जागेचा विचार करावा. आपल्याकडील बरीच न्हाणीघरे चार बाय सहा किंवा पाच बाय सात फुटांची असतात आणि बादलीतून अंघोळ करताना पाणी सर्वत्र उडते. अंघोळीच्या जागेभोवती तीन इंचांचा उंबरठा घालून वरून जाड पडदा सोडला, तरी दाराकडची बाजू पुष्कळ कोरडी राहते; टेबल त्याच बाजूला घ्यावे. तेवढीही जागा नसेल, तर बेसिन बाहेरच्या बोळात ठेवण्याची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. लिहिण्याचे टेबल बहुतेक दोन फूट रुंद असते आणि लहान न्हाणीघरात ते वाटेत येते. अशा वेळी ते लांबीत चिरून अठरा इंचांवर आणावे, पुढचे दोन पाय राखावे आणि मागची बाजू लोखंडी अँगलवर भिंतीला टेकवावी. यात आणखी एक फायदा असा की, फरशीला टेकणारे पाय चाराचे दोन होतात.

आता उंची. बेसिनची वरची कड फरशीपासून साधारण ३२ ते ३४ इंचांवर असली म्हणजे मोठ्यांना वाकावे लागत नाही. टेबल स्वतः ३० इंच उंच असते आणि त्यावर ठेवायचे वाडग्यासारखे बेसिन पाच-सहा इंचांचे, म्हणजे काहीच न कापता ठेवले तर कड ३५-३६ इंचांवर जाते आणि हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळते. हिशोब सुताराच्या मापात मांडू. एक इंच म्हणजे आठ सूत. कड ३३ इंचांवर हवी आहे, बेसिन ५ इंचांचे आहे, टेबलावर बसवायची ग्रॅनाइटची फरशी ६ सूत जाड आहे आणि पायांखाली ठेवायचे ग्रॅनाइटचे तुकडेही ६ सूत. तेव्हा लाकडी टेबलाची उंची २६ इंच ४ सूत उरते, आणि ३० इंचांच्या टेबलाचे पाय साडेतीन इंच कापावे लागतात. कुजका तळ असला तर तो बहुधा याच साडेतीन इंचांत निघून जातो.

पायांखालचे तुकडे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फरशीच्या दुकानात ग्रॅनाइट कापून उरलेल्या पट्ट्या ढिगाने पडलेल्या असतात. पायापेक्षा अर्धा इंच मोठे चौकोनी तुकडे कापून मागावे. न्हाणीघराच्या फरशीला ढाळ असतो, त्यामुळे टेबल चार ठिकाणी सारखे बसत नाही. लेव्हल लावून पाहावे आणि ज्या पायाला कमी पडते तेथे जाड तुकडा घ्यावा. कापलेले पाय प्रथम थिनर घालून पातळ केलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये पंधरा-वीस मिनिटे उभे करावेत. जेवढे पिते तेवढे पिऊ द्यावे. ते पूर्ण वाळल्यावर एपॉक्सीचा पातळ थर द्यावा आणि मगच सिलिकॉनने तुकड्यावर बसवावे. बाजारात मिळणारे रबरी बूट घालण्याचा मोह टाळावा, कारण बुटात शिरलेले पाणी बाहेर येत नाही आणि पाय आतल्या आत कुजतो.

जुने पॉलिश किंवा रंग पूर्ण काढणे आवश्यक आहे. पूर्वीचे पॉलिश बहुधा चपडा लाखेचे असते आणि त्यावर पाणी साचले की पांढरे डाग पडतात, म्हणून त्यावर नवे पॉलिश चढवणे व्यर्थ होय. जुना ऑइल पेंट असेल तर अधिक काळजी घ्यावी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क लावून आणि लहान मुलांना दूर ठेवून घासावा, आणि निघालेला चिखल कागदात गोळा करावा, अंगणात झाडून टाकू नये.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२० आणि २२० पर्यंत जावे; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. कीड असल्यास बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे गरम पाण्यातील द्रावण उघड्या लाकडाला दोनदा लावून आठवडाभर सावलीत वाळवावे. सागवानात स्वतःचे तेल असते आणि त्यामुळे पॉलिश नीट धरत नाही, म्हणून पहिल्या हाताच्या आधी थिनरच्या फडक्याने सर्व लाकूड पुसून घ्यावे. पीयू पॉलिशचा पहिला हात पातळ, पुढचे तीन घट्ट, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० च्या पेपरने हलके घासणे एवढे पुरेसे आहे. फळीची खालची बाजू, खणाचा आतला भाग आणि मागची न दिसणारी पट्टी यांनाही तेवढेच हात द्यावेत. एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी असलेली फळी दमट हवेत वाकते. सुतार येथे हमखास हात आखडता घेतो, तेव्हा आधीच ठरवून सांगावे.

हे काम चैत्र-वैशाखात उरकावे. जांबोटी-कणकुंबीकडे, किंवा बेळगावातही जूनची झड लागल्यावर, हवेतील ओलाव्याने पॉलिशवर पांढुरकी छटा येते आणि ते कित्येक दिवस चिकट राहते. अथणी-रायबागकडे अडचण उलट आहे : तेथील उन्हाळ्यात रुंद फळी आकसते आणि सांधे ढिले होतात, म्हणून पॉलिशच्या आधी सांधे उघडून नवा गोंद आणि गरज पडल्यास पाचर घालून घ्यावी.

वरच्या बाजूला ग्रॅनाइटच घ्यावे. शहाबादी किंवा कडप्पा स्वस्त पडतो, पण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि फरशी धुण्याचे ॲसिड त्यांवर सांडले की पृष्ठभाग खरखरीत होतो. बेसिनच्या कपलिंगसाठी, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या जोडासाठी, सुमारे पावणेदोन इंचांचे भोक लागते. दगडातले भोक दुकानातच पाडून घ्यावे आणि लाकडातले होल सॉने (गोल भोक पाडण्याच्या करवतीने) स्वतंत्रपणे, थोडे मोठे पाडावे. त्या भोकाच्या कडेला पॉलिशचे तीन हात द्यावेत. तयार झालेल्या कामात ही कड दिसत नाही आणि म्हणूनच ती विसरली जाते. खाली बॉटल ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या नळीवरचे बाटलीसारखे भांडे, येतो, त्यामुळे मधला खण एकतर इंग्रजी यू अक्षरासारखा मागून कापावा किंवा त्याची दर्शनी फळी तेवढी पक्की बसवून मोकळा सोडावा. बेसिनचे पाणी बंद करण्याच्या अँगल कॉकपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. टेबलाला मागची फळी नवीन लावायची असल्यास आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यावा. आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय येथे घेऊ नये.

शिवणयंत्राचा सांगाडा मिळाला तर पायांचा प्रश्नच उरत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड आणि वर इनॅमलचे दोन हात द्यावेत. बीड वेल्डिंगला सहज दाद देत नाही, म्हणून त्यावरील चौकट नटबोल्टने बसवावी. पायटा (पायाने हलवायची पट्टी) तारेने किंवा बोल्टने कायमचा जखडावा, नाहीतर मुलांची बोटे त्यात सापडतात. बेसिनऐवजी पितळी घंगाळ बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते आणि ते दिसतेही देखणे. पण घंगाळाचा तळ सपाट असल्याने भोकाभोवती पाणी साचते. तांबटाकडून तळ ठोकून त्याला मध्याकडे उतार देऊन घ्यावा आणि कपलिंगच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घालावेत. दर आठवड्याला चिंचेने घासण्याची तयारी नसेल, तर घंगाळ दिवाळीच्या अंघोळीपुरतेच राहू द्यावे.

फडताळ भिंतीवर टांगताना भिंत कशाची आहे ते पाहावे. खानापूरकडील मातीच्या किंवा जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत प्लॅस्टिकची गुल्ली धरत नाही. तेथे सिमेंटमध्ये लाकडी गुल्ल्या बसवून त्यांवर फडताळाच्या पूर्ण रुंदीची पट्टी मारावी आणि फडताळाचा भार त्या पट्टीवर द्यावा. जुन्या शृंगारमेजाचा आरसा वापरायचा असल्यास त्याच्या कडा वॉर्निशने बंद कराव्यात, पाठीमागे हवेसाठी दोन सूत फट ठेवावी आणि शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन आरशाच्या पाठीला लावू नये. त्याने पारा काळवंडतो. शिडीला केवळ पॉलिश आणि भिंतीत एक हूक लागतो, की टॉवेलांची सोय झाली.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर लाकडावर चढण्याआधी ओल्या फडक्याने पुसावेत. ॲसिड टेबलाजवळही नेऊ नये. दरवर्षी मे महिन्यात टेबलाखाली बॅटरी घेऊन बसावे, पायांचे तळ आणि भोकाची कड बोटाने चाचपावी आणि जेथे पॉलिश उडालेले दिसेल तेथे ३२० चा पेपर मारून एक हात द्यावा.