दाखला वेळेत हवा असेल तर : अर्ज, पोच आणि अपील

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला तहसील कार्यालय, तलाठी कार्यालय, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणत्या ना कोणत्या दारी कधीतरी जावेच लागते, आणि बहुतेकांची वेळ कामाच्या अवघडपणापेक्षा अपुऱ्या तयारीमुळे अधिक जाते. कागद खिडकीवर देऊन येणे आणि अर्ज दाखल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीने तुमच्या हाती काहीच लागत नाही. दुसरीने मात्र एक क्रमांक आणि एक तारीख मिळते, आणि पुढचे सारे हक्क त्या तारखेपासून मोजले जातात.

याचा आधार म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. तो 28 एप्रिल 2015 पासून अमलात आहे. या कायद्यानुसार प्रत्येक विभागाने आपल्या कोणत्या सेवा अधिसूचित केल्या आहेत, त्या प्रत्येक सेवेसाठी किती दिवसांची मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्यास जबाबदार असलेला अधिकारी, कोण आणि अपील कोणाकडे करायचे, हे जाहीर करणे बंधनकारक आहे. ही माहिती कार्यालयाच्या फलकावर आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर मिळते. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ती पाच मिनिटे वाचावी, कारण ‘सोमवारी या’ या उत्तराला प्रतिप्रश्न करायचा असेल, तर मुदत किती दिवसांची आहे हे आपल्याला आधी माहीत असले पाहिजे.

तयारीत सर्वांत जास्त वेळ नावाच्या एकसारखेपणाला द्यावा. आधार कार्डावर वडिलांचे नाव आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाही, शिधापत्रिकेवर आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिले आहे, विवाहानंतर बँकेत नाव बदलले पण मतदार यादीत जुनेच राहिले, अशा तफावती असल्या की अर्ज त्रुटीसाठी परत येतो आणि मुदतीचे घड्याळ थांबते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण कायद्यातील मुदत अर्ज सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण स्थितीत मिळाल्यापासून मोजतात. किरकोळ तफावत स्वयंघोषणापत्राने भागते. नाव पूर्णपणे बदलले असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झालेली सूचना हाच खात्रीचा पुरावा होय. ज्या दाखल्यावर इतर दाखले उभे राहणार आहेत, त्यातली चूक प्रथम दुरुस्त करून घ्यावी. जन्म दाखल्याच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील, 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी आणि शासकीय नोकरी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि तो आदेश मिळवण्यापेक्षा तीन आठवड्यांच्या आत रुग्णालयात एक चौकशी करणे कितीतरी सोपे आहे.

स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा, असे अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, ज्या ठिकाणी कायद्याने प्रतिज्ञापत्र आवश्यकच आहे ती प्रकरणे वगळता, प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाऐवजी स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याची पद्धत राज्यात लागू केली आहे. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्कही पूर्वीच माफ झालेले आहे. तरीही कोणी आग्रह धरला, तर वाद न घालता ‘ही अट कोणत्या निर्णयानुसार आहे, ते अर्जावर लिहून द्यावे’ अशी नम्र विनंती करावी. या एका वाक्याने बऱ्याच अटी आपोआप मागे घेतल्या जातात.

अर्ज ‘आपले सरकार’वर स्वतः भरता येतो, किंवा गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून, ज्याला अनेक जण अजून सेतू म्हणतात, भरून घेता येतो. मोबाइलवरून वापरकर्ता खाते उघडायला फारसा वेळ लागत नाही. अडचण येते ती छायाचित्र आणि कागदपत्रे ठरलेल्या आकारात बसवताना. संगणकाशी ओळख नसेल, तर केंद्रात जाण्यात कमीपणा काहीच नाही, परंतु दोन गोष्टी सोडू नयेत. मोबाइल क्रमांक आपला स्वतःचा द्यावा, केंद्रचालकाचा नव्हे, म्हणजे त्रुटीचा संदेश थेट आपल्यापर्यंत येतो. आणि शुल्क फलकावर लिहिलेले तेवढेच देऊन पावती घ्यावी. पोचपावतीवर अर्ज क्रमांक, दिनांक आणि सेवा मिळण्याची मुदत या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. त्या नसतील, तर तो कागद अपिलाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

उत्पन्नाचा दाखला आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र हे दोन्ही तुलनेने सोपे असून तहसील कार्यालयाकडून मिळतात. नोकरदाराने वेतनाचा पुरावा आणि शेतकऱ्याने सातबारा व तलाठ्याचा अहवाल जोडावा, तर अधिवासासाठी राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा तयार ठेवावा. उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हे ज्या संस्थेला तो द्यायचा आहे तिच्याकडून आधी विचारून घ्यावे. चुकीचा प्रकार निवडल्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेले विद्यार्थी दरवर्षी जूनमध्ये दिसतात.

जातीच्या दाखल्याचे मात्र तसे नाही. येथे पुरावा अर्जदाराच्या वडिलांकडील नात्याचा आणि ठरावीक तारखेपूर्वीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. अर्जही त्या काळी कुटुंब जेथे राहत होते त्या क्षेत्रातील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा लागतो, आज आपण जेथे राहतो तेथे नव्हे. म्हणजे आजोबा लातूर जिल्ह्यातले असतील आणि नातू पुण्यात जन्मला असेल, तरी दाखला लातूरकडचाच निघतो. शोध आजोबांच्या शाळेपासून सुरू करावा. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीचा उतारा, ज्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात, त्यात जातीची नोंद असते. आजोबा शाळेत गेले नसतील, तर गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही आणि जुने महसुली अभिलेख तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून पाहावेत. यांतील अनेक नोंदी मोडी लिपीत असतात. अशी नोंद सापडली, तर जाणकाराकडून तिचे देवनागरी लिप्यंतर करून दोन्ही प्रती एकत्र जोडाव्यात. वंशावळ लिहिताना आजोबा, वडील आणि अर्जदार यांना जोडणारा प्रत्येक दुवा एका कागदाने सिद्ध होतो का, हे स्वतःच तपासून पाहावे, कारण तपासणारा अधिकारी नेमके तेच पाहणार आहे.

जात पडताळणी, म्हणजे मिळालेला जातीचा दाखला खरा आहे का याची तपासणी, हे स्वतंत्र काम आहे आणि अनुसूचित जमाती वगळता इतरांसाठी ते जिल्हा समितीकडे होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश सुरू झाल्यावर समित्यांपुढे अर्जांचा ढीग पडतो, म्हणून विद्यार्थी अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज द्यावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचे, म्हणजे कुटुंब मागासवर्गातील प्रगत गटात मोडत नाही हे दाखवणाऱ्या कागदाचे, आणखी वेगळे आहे: त्यात पालकांच्या मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न पाहतात, 8 लाख रुपयांची मर्यादा लागू होते, आणि त्या मर्यादेत वेतन व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. ही शेवटची बाब माहीत नसल्याने पात्र असूनही अर्ज न करणारी कुटुंबे आहेत.

जमिनीच्या कागदांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून येथे आवश्यक तेवढेच. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेत किंवा न्यायालयात द्यायचा तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा प्रत्येकी 15 रुपये भरून काढावा. खरेदी किंवा वारसा यामुळे नाव लागायचे असेल, तर फेरफार नोंद झाल्यावर हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या काळात आपण हजर राहिलो नाही तरी चालते, मात्र कोणी हरकत घेतली का, हे विचारत राहावे. वाहन परवान्याची बहुतेक कामे ‘सारथी’ या परिवहन संकेतस्थळावरून होतात: शिकाऊ परवाना 6 महिने वैध असतो, 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

मुदत उलटली, किंवा अर्ज नामंजूर झाला, तर काय करावे? बहुतेक जण येथे ओळखीचा माणूस शोधतात. त्याऐवजी अर्ज क्रमांक, दिनांक आणि मुदत एवढेच लिहून 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. नामंजुरीची कारणे लेखी कळवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे तोंडी नकार मिळाला असेल तर अपिलात तेही नमूद करावे. प्रथम अपिलातील आदेश मान्य नसेल तर द्वितीय अपील आणि त्यानंतर 60 दिवसांच्या आत महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण सेवापुस्तकाची काळजी असलेल्या माणसाला ती लहान वाटत नाही, आणि म्हणूनच प्रथम अपील दाखल झाल्यावर अनेकदा दाखला सुनावणीच्या आधीच तयार होतो.

सेवा अधिसूचित नसेल, तर हा कायदा उपयोगी पडत नाही. तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली, 10 रुपये शुल्क भरून, ‘माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली’ एवढीच माहिती मागावी. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. विलंब प्रतिबंधासाठीच्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, त्यामुळे तारखांचे उत्तर हाती आले की नस्ती नेमकी कोठे थांबली होती ते दिसते आणि पुढची तक्रार त्या टेबलाचे नाव घेऊन करता येते. पैशांची मागणी झाली असेल, तर मात्र हा लांबचा मार्ग धरू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या टोल फ्री क्रमांकावर पैसे देण्याआधी कळवावे, कारण सापळा रचता येतो तो रक्कम हातून जाण्यापूर्वीच.