अमेरिकेतल्या गावाचा इतिहास शोधताना आणि जपताना

अमेरिकेतल्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायला घेणारा माणूस बहुधा गावाच्या स्थापनेपासून सुरुवात करतो आणि काही महिन्यांत थकून जातो. त्याऐवजी एकच संस्था निवडावी: एखादी शाळा, चर्च, वाचनालय किंवा अग्निशमन दलाचे ठाणे. संस्थेला जागा घ्यावी लागते, पैसे उभे करावे लागतात, सभा भरवाव्या लागतात, आणि या प्रत्येक व्यवहाराचा कागद कुठेतरी उरतो. फक्त तो कागद गावातच असेल असे गृहीत धरू नये. शोधाचे निम्मे काम म्हणजे कोणता कागद कोणत्या कचेरीत गेला असेल याचा अंदाज बांधणे.

संस्थेच्या पन्नाशीला किंवा शंभरीला काढलेली स्मरणिका मिळाली, तर ती आधी वाचावी, पण पुरावा म्हणून नव्हे. अशा स्मरणिका मागच्या स्मरणिकेवरून उतरवलेल्या असतात आणि त्यांत भांडणे, कर्जे व फाटाफूट गाळलेली असते. तिच्यातल्या प्रत्येक विधानासमोर प्रश्नचिन्ह काढले की संशोधनाची यादी आपोआप तयार होते.

त्यानंतर जमिनीकडे वळावे. बहुतेक राज्यांत खरेदीखते काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत नोंदवलेली असतात. कनेक्टिकट, व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत मात्र ती त्या त्या गावाच्या किंवा शहराच्या दप्तरात शोधावी लागतात, आणि लुईझियानात काउंटीऐवजी पॅरिश असते. जुन्या काउंटीतून नवी काउंटी निघाली असेल, तर विभाजनापूर्वीचे दस्त बहुधा जुन्या काउंटीकडेच राहिलेले असतात. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूची असतात. आजच्या मालकापासून सुरुवात करून घेणाऱ्यांच्या सूचीतून एकेक पायरी मागे जावे. चर्चची किंवा शाळेची जमीन पुष्कळदा विश्वस्तांच्या नावावर असते, म्हणून संस्थेचे नाव सापडले नाही तर विश्वस्तांची नावे शोधावीत. खतात किंमत 1 डॉलर लिहिलेली दिसली, तर जमीन फुकटात मिळाली असा निष्कर्ष काढू नये. खरी रक्कम उघड न करण्याची ती कायदेशीर रीत आहे. ज्या राज्यांत जमीन मुळात संघ सरकारने वाटली, तिथे पहिला दस्त म्हणजे सरकारी पट्टा. 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली 160 एकरांपर्यंत जमीन मिळे, आणि ती कायम करून घेण्यासाठी दिलेल्या कागदांत घर, पिके आणि शेजाऱ्यांच्या साक्षी नोंदलेल्या असतात. पट्ट्यापेक्षा राष्ट्रीय अभिलेखागारातली ही फाइल कितीतरी अधिक बोलकी असते.

इमारतीसाठी सॅनबॉर्न कंपनीच्या विमा नकाशांसारखे साधन नाही. आगीचा धोका मोजण्यासाठी 1867 पासून काढलेल्या या नकाशांत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी आणि दगडी निळी रंगवलेली असते. मजले, छप्पर आणि पाण्याचे नळही दाखवलेले असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. मात्र दुरुस्तीच्या चिठ्ठ्या जुन्या पानांवरच चिकटवल्या जात, त्यामुळे पानावरचे साल आणि पानावर दिसणारे गाव एकाच वर्षाचे असेलच असे नाही. पत्त्यांचेही तसेच आहे: शिकागोने 1909 मध्ये घरांचे क्रमांक बदलले, म्हणून त्यापूर्वीचा पत्ता आजच्या नकाशावर शोधणारा भलत्याच दारासमोर उभा राहतो.

माणसांसाठी दर दहा वर्षांची जनगणना आहेच. व्यक्तिवार नोंदी 72 वर्षांनी खुल्या होतात. 1950 च्या नोंदी 2022 मध्ये खुल्या झाल्या. 1890 च्या बहुतेक नोंदी 1921 च्या आगीनंतर नष्ट झाल्या, तेव्हा ती पोकळी शहरांच्या वार्षिक निर्देशिका (रहिवाशांची नावे व पत्ते देणारी पुस्तके) आणि वृत्तपत्रे यांतून भरावी लागते. 1850 आणि 1860 मध्ये गुलाम माणसांची स्वतंत्र यादी केली गेली, पण तिच्यात नाव मालकाचे आणि गुलामांचे बहुधा फक्त वय, लिंग व वर्ण एवढेच. त्यांपैकी बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम 1870 मध्ये येतात. स्थानिक वृत्तपत्रानेही कृष्णवर्णीयांच्या संस्थांकडे अनेकदा दुर्लक्ष केले. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी रोझेनवाल्ड निधी या खासगी दाननिधीच्या मदतीने जवळजवळ 5,000 शाळा बांधल्या गेल्या. अशा शाळेचा गावात मागमूस नसला, तरी तिचे छायाचित्र नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या संग्रहात सापडू शकते.

वृद्धांच्या मुलाखती मात्र कागदांची वाट न पाहता आधी घ्याव्यात. ‘त्या काळी कसे होते?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते. जुने छायाचित्र पुढे ठेवून ‘या ओळीत कोण कोण आहे?’ असे विचारले की बोलणे सुरू होते. ध्वनिमुद्रणाच्या वापराची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्यावी.

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर कचेरी, खंड, पृष्ठ आणि पाहिल्याची तारीख लिहावी. शोधूनही काही मिळाले नाही, तर तेही लिहावे. नाहीतर वर्षभराने आपणच तोच खंड पुन्हा चाळत बसतो. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, पोटमाळ्यावर किंवा तळघरात ठेवू नये. वृत्तपत्राचे कात्रण शेजारच्या कागदावर डाग पाडते, म्हणून ते वेगळ्या आम्लमुक्त फोल्डरमध्ये असावे. छायाचित्रामागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. डब्यातल्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती कुजू लागली आहे; तिची प्रत आधी काढावी. आल्बम सुटा करण्यापूर्वी प्रत्येक पान जसे आहे तसे स्कॅन करावे, कारण कोणाशेजारी कोणाचे चित्र लावले होते हीसुद्धा माहितीच असते.

संग्रह ऐतिहासिक सोसायटीला द्यायचा झाला, तर दानपत्रावर सही झाल्याशिवाय खोकी हलवू नयेत. मालकी कोणाकडे जाते, प्रकाशनाचे हक्क कोणाकडे राहतात आणि संस्था बंद पडल्यास कागद कुठे जातील, ही तिन्ही कलमे त्यात असावीत. यांपैकी तिसऱ्याचा विसर बहुतेकांना पडतो.