पहिलं घर लावताना: नवं काय, वापरलेलं काय

जुन्या टेबल-खुर्च्या आणि कपाटं दुरुस्त करणं हेच माझं काम. त्यामुळे हात आखडता घेऊन घर लावणाऱ्यांना माझा पहिला सल्ला ठरलेला असतो: गादी नवी घ्या, बाकी जवळजवळ सगळं वापरलेलं चालतं.

गादी नवी ती ढेकणांच्या धास्तीनं. ते शिवणीत आणि काठाच्या दुमडीत दडतात, काही खायला न मिळताही महिनोन्‌महिने जगतात, आणि एकदा घरात शिरले की वाचवलेले पैसे फवारणीत जातात. जुना कापडी सोफाही याच कारणानं मी सहसा नको म्हणते. घ्यायचाच असेल तर टॉर्च घेऊन शिवणी उलगडून बघा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग किंवा किड्यांची वाळकी सालं दिसली, तर फुकट मिळाला तरी सोडून द्या. पलंगाची घाई नको. गादी जमिनीवर घातली तरी चालते, फक्त सकाळी ती भिंतीला उभी करा. अंगाचा घाम खाली साचतो आणि तळाला बुरशी धरते.

काहीही विकत घेण्याआधी मोजपट्टी घ्या. खोली सगळेच मोजतात. राहून जातं ते दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण. मग वस्तूच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेनं वावरा. जायला-यायला साधारण ७५ सेंटिमीटर वाट उरायला हवी. कपाटाचं दार आणि ड्रॉवर उघडल्यावर किती जागा खातात, तेही त्यात धरा.

आता जुनं लाकूड कसं पारखायचं. वस्तू उलटी करा, कारण खरं काय ते तळाला आणि पाठीला कळतं. कापलेल्या कडेला एकावर एक थर दिसले तर प्लायवूड, दाबून बसवलेला चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड वाईटच असं नाही, पण पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही; म्हणून खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा. शिवाय एकदा काढलेला स्क्रू त्यात पूर्वीसारखा धरत नाही. असं कपाट सुटं न करता घरी येणार असेल तरच घ्या. लाकडाला बारीक भोकं असली आणि खाली ताजा, फिकट भुगा पडलेला असला तर आत किडा जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी. दोन्ही घरात आणू नका.

डुगडुगणाऱ्या खुर्चीला मात्र घाबरू नका, माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा तोच. पाठीला धरून ती तिरकी रेटा आणि कुठला सांधा उघडतोय ते बघा. लाकूड तडकलेलं नसेल तर फक्त गोंद सुटलाय. सांधा अलगद सोडवा, जुना कडक गोंद खरवडून अगदी उघडं लाकूड दिसेपर्यंत साफ करा. नवा गोंद जुन्यावर धरत नाही. मग लाकडाचा पांढरा गोंद लावून सांधा बसवा, पायांभोवती दोरी गुंडाळा, दोरीत काठी घालून पीळ द्या आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसा. सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात ना बघा. एक पूर्ण दिवस तिच्यावर बसू नका. नुसता खिळा ठोकायचा मोह आवरा, त्यानं लाकूड चिरतं. टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर खुर्चीची बैठक ४५ च्या जवळ हवी, नाहीतर खांदे भरून येतात.

दिव्यांचा खर्च थोडा, फरक मोठा. निजायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळसर एलईडी लावा.

जुना फ्रिज घ्यायचा तर तो चालू असलेलाच बघा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर रबर गेलंय. फ्रिज उभाच आणा. आडवा आणावा लागला तर जितके तास आडवा होता निदान तितके तास उभा ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. मगच प्लग लावा.