डायरीतले बाण

नोकरीच्या पहिल्या वर्षाची डायरी मी जपून ठेवली आहे. रोजच्या पानावर अकरा-बारा कामं, त्यातल्या चार-पाचांवर काट आणि उरलेल्यांपुढे एकेक बाण. बाण म्हणजे 'उद्या'. एक काम तर सलग सतरा पानं बाणावर बसून फिरलं. अठराव्या दिवशी वरिष्ठांनी ते दुसऱ्याकडे दिलं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

यादी करा, महत्त्वाचं आधी उरका, हे तुम्हाला माहीत असणारच. मी अडकलो ते भलतीकडेच. मला वाटायचं, आपण आळशी आहोत. खरं तर वजाबाकीच चुकत होती.

दिवस आठ तासांचा, म्हणून मी आठ तासांची कामं लिहायचो. शेवटी वैतागून एक आठवडा दर अर्ध्या तासाला काय केलं ते टिपलं. मीटिंगा, मेल, 'दोन मिनिटं आहेत का?' म्हणत येणारी माणसं, आणि प्रत्येक खंडानंतर आपण नेमके कुठे होतो हे शोधण्यात जाणारा वेळ. हे सगळं वजा जाता हातात रोज साडेतीन तास उरत होते. म्हणजे सकाळी कामाला बसायच्या आधीच माझा दिवस हरलेला असायचा! त्यात 'तासाभराचं' म्हणून लिहिलेल्या कामाला हमखास दोन तास लागायचे.

हा दोष एकट्या माझा नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच त्याला नाव देऊन ठेवलंय, 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची चूक. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? 49 च्या आत. प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. म्हणजे घाबरून केलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. म्हणून आता मी 'किती वेळ लागेल' असं स्वतःला विचारतच नाही. मागच्या वेळी किती लागला होता ते डायरीत बघतो.

पहाटे पाचला उठायला सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. मी दोन महिने उठलो. यादी आणखी लांबली आणि दुपारी तीनला डोळे मिटायला लागले. ॲपही चार बदलून झाली, बाण तेवढे रंगीत झाले.

'नाही म्हणायला शिका' हा सल्लाही ज्येष्ठांनाच परवडतो. नव्या माणसाने नाही म्हटलं तर पुढचं काम मिळेलच असं नाही. मी हातातली कामं दाखवून विचारतो, 'हे करतो, यातलं कुठलं मागे ठेवू?' पहिल्यांदा विचारताना आवाज कापत होता. समोरच्याने शांतपणे दोन नंबरच्या कामावर बोट ठेवलं, बस्स. दर वेळी इतकं सोपं जात नाही. कधी 'सगळंच हवंय' असंही ऐकून घ्यावं लागतं.

आता पानावर तीनच कामं असतात. कमी वाटतात, पण तीनही होतात, निदान बहुतेक दिवशी. तुमचे तास माझ्याएवढेच निघतील असं नाही. एक आठवडा टिपून बघा. आकडा बघून धक्का बसेल, पण घाबरू नका.

डायरीच्या शेवटच्या पानावर 'करणार नाही' अशी एक यादी आहे. गेल्या महिन्यात तिथे जर्मन भाषेचा कोर्स लिहिला. तीन वर्षं त्याच्यापुढे बाण होता. पुस्तकं अजून दिली नाहीत कुणाला.